फडताळ

फडताळ म्हणजे घराच्या भिंतीच्या जाडीत बसविलेले, आत आडव्या फळ्या आणि पुढे लाकडी दारे असलेले कपाट होय. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत व घरांत भांडी, डबे, कपडे, पोथ्या, कागदपत्रे आणि दागदागिने ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होत असे. फडताळ जमिनीवरची जागा व्यापत नाही, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य आहे. विसाव्या शतकात घरांच्या भिंती पातळ होत गेल्या, तशी फडताळे बांधण्याची पद्धत मागे पडली आणि साठवणीचे काम लोखंडी कपाट, शोकेस व साइडबोर्ड अशा सुट्या फर्निचरकडे गेले. या लेखात फडताळाची रचना व उपयोग, नाशिक परिसरातील त्याचे संदर्भ आणि आजच्या घरात त्याच्या जागी येणारे ठेंगणे कपाट निवडताना विचारात घ्यावयाच्या बाबी दिल्या आहेत.

नाव व अर्थ

भिंतीतील उघड्या पोकळीला मराठीत कोनाडा म्हणतात. दिवा किंवा देवाची मूर्ती ठेवण्याच्या लहान कोनाड्यास देवळी असे नाव आहे. कोनाड्यास फळ्या व दारे बसविली की त्याचे फडताळ होते. कोनाड्यातील वस्तू सर्वांना दिसते, फडताळातील वस्तू झाकलेली व कडीबंद असते, असा या दोहोंतील भेद आहे.

‘कपाट’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दाराची फळी किंवा दार असा आहे. मराठीतील ‘कवाड’ व हिंदीतील ‘किवाड’ हे शब्द त्याच्याशी निगडित आहेत. उत्तर भारतात देवळाचे ‘कपाट’ उघडले असे म्हणतात, तेव्हा हाच जुना अर्थ अभिप्रेत असतो. मराठीत मात्र दारासाठी असलेला शब्द दारामागच्या वस्तूसाठी, म्हणजे दारे लावलेल्या साठवणीच्या जागेसाठी, रूढ झाला. ‘अलमारी’ हा शब्द ‘आर्मारिओ’ या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. कपाटातील सरकत्या पेटीस म्हणजे ड्रॉवरला मराठीत ‘खण’ असा जुना शब्द आहे. घराच्या बांधकामात दोन खांबांमधील अंतरासही खणच म्हणतात आणि वाड्याचा आकार खणांच्या संख्येवरून सांगितला जाई.

रचना

पेशवेकालीन व त्यानंतरच्या वाड्यांचा सांगाडा लाकडी असे. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि त्यांवर कडीपाट अशी रचना केली जाई. खांबांमधील भिंती विटांच्या किंवा मातीच्या असून त्यांची जाडी दीड ते तीन फूट असे. एवढ्या जाड भिंतीत सुमारे हातभर खोलीची पोकळी सोडली तरी मागे भिंतीचा पुरेसा थर उरतो. भिंतीचे वजन पोकळीवर येऊ नये म्हणून वरच्या बाजूस लाकडी पाट किंवा विटांची कमान घेतली जाई.

पोकळीत लाकडी चौकट बसवून तिला बिजागऱ्यांनी दोन झडपा लावीत. लहान फडताळास एकच झडप पुरे. झडपांना बाहेरून कडी-कोयंडा असे आणि त्यात कुलूप घालता येई. आतील फळ्या चौकटीच्या किंवा भिंतीच्या खाचेत टेकविलेल्या असत. चौकटीचे सांधे कुसू व खाच या पद्धतीने केलेले असल्याने त्यांत खिळ्यांचा वापर कमी असे. असे सांधे सोडवून चौकट दुरुस्त करता येते. जुनी फडताळे अनेक पिढ्या टिकली, याचे हे एक कारण आहे.

फडताळ घराच्या आतल्या भिंतीत घेणे अधिक सोयीचे असते. बाहेरच्या भिंतीत पोकळी घेतल्यास तेवढ्या जागी भिंत पातळ होते आणि पावसाची ओल व उन्हाचा ताप आतल्या वस्तूंपर्यंत लवकर पोहोचतो.

घरातील स्थान व उपयोग

फडताळ कोणत्या खोलीत आहे, त्यावरून त्यात काय ठेवावयाचे ते ठरे. ओटीवरील किंवा दिवाणखान्यातील फडताळात वह्या, दस्तऐवज, दौत-लेखणी, पानाचे तबक अशा वस्तू असत. माजघर हा घराचा आतला व सुरक्षित भाग असल्याने तेथील फडताळात कपडे, दागिने व रोकड ठेवली जाई. स्वयंपाकघरातील फडताळात तिखट-मीठ, लोणच्याच्या बरण्या व रोजची भांडी, तर देवघरातील फडताळात पोथ्या व पूजेचे साहित्य असे.

फडताळ हे घरातील एकमेव साठवणीचे साधन नव्हते. धान्यासाठी कणगी, बळद व पेव, पाण्यासाठी रांजण, सुक्या जिनसांसाठी मडक्यांची उतरंड, लोणी-दह्यासाठी शिंके, कपड्यांसाठी पेटारा आणि क्वचित लागणाऱ्या सामानासाठी माळा अशी कामांची वाटणी होती. दूधदुभत्यासाठी जाळीचे लाकडी कपाट वापरीत. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत. ज्याला वारा हवा ते जाळीत, जे मांजर-उंदरांपासून वाचवायचे ते टांगलेले आणि जे झाकून ठेवायचे ते फडताळात, असा या व्यवस्थेचा सर्वसाधारण नियम होता.

नाशिकमधील संदर्भ

गोदावरीच्या उजव्या तीरावरील जुने नाशिक आणि डाव्या तीरावरील पंचवटी या भागांत लाकडी सांगाड्याच्या वाड्यांची मोठी वस्ती होती. सराफ बाजारातील सरकारवाडा हा पेशवेकालीन वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. नाशिक जिल्ह्यातच चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल लाकडी खांब व कोरीवकामासाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ व सुरगाणा तालुके आणि त्यांना लागून असलेला गुजरातमधील डांग जिल्हा येथील जंगलांत सागवान होते. त्यामुळे नाशिकच्या सुतारकामाला चांगले लाकूड जवळून मिळू शके.

नाशिक तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीही ओळखले जाते. लग्नात मुलीला भांडी देण्याची व त्यांवर नाव कोरून घेण्याची रीत असल्याने घरोघरी हंडे, कळशा, पराती, डबे व तांबे यांचा संग्रह होई. पितळेची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठ पट असते. असे वजन भिंतीत टेकलेली जाड फळी सहज पेलते, चार बारीक पायांवर उभे असलेले हलके कपाट मात्र त्याखाली डगमगते. भांड्यांचा हा वारसा आजच्या घरात कोठे ठेवावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ सजावटीचा राहत नाही.

साठवणीच्या दृष्टीने नाशिकची दुसरी विशेष बाब म्हणजे गोदावरीचा पूर. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठपर्यंत लागले, यावरून पुराची तीव्रता सांगण्याची येथे प्रथा आहे. १९६९, २००८ व २०१६ या वर्षी आलेल्या मोठ्या पुरांत नदीकाठच्या बाजारपेठेत व वस्तीत पाणी शिरले होते. अशा भागात वस्तू जमिनीपासून किती उंचीवर ठेवली आहे, यावर ती वाचणार की जाणार हे ठरते. भिंतीत उंचावर असलेल्या फडताळाचा हा लाभ जमिनीलगतच्या कोणत्याही कपाटाला मिळत नाही.

फडताळाचा ऱ्हास

सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याची बांधकामे रूढ झाल्यावर इमारतीचे वजन खांब व तुळया पेलू लागल्या आणि जाड भिंतींची गरज संपली. अशा इमारतींत बाहेरच्या भिंती साधारण सहा ते नऊ इंच आणि आतल्या भिंती चार ते साडेचार इंच जाडीच्या असतात. चार इंचांच्या भिंतीत फडताळ बसू शकत नाही. नाशिकमध्ये सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे लोकसंख्या वाढली, सिडकोने नवीन नाशिकची वसाहत उभारली आणि बंगले, चाळी व वाडे यांच्या जोडीला लहान घरे व सदनिका मोठ्या संख्येने आल्या.

संक्रमणाच्या काळात फडताळाचे एक नवे रूप पुढे आले. खोलीच्या कोपऱ्यात किंवा दोन भिंतींच्या मधल्या जागेत काळ्या कडाप्पा दगडाच्या फळ्या बसवून पुढे लाकडी दारे लावीत. कडाप्प्याला वाळवी लागत नाही, तो पाण्याने फुगत नाही आणि पुसून स्वच्छ करता येतो. त्यामुळे स्वयंपाकघरात ही पद्धत आजही टिकून आहे. भांड्यांसाठी भिंतीवर टांगावयाची स्टीलची मांडणीही याच काळात घरोघरी आली.

कपडे व मौल्यवान वस्तूंसाठी फडताळाची जागा लोखंडी कपाटाने घेतली. १८९७ मध्ये कुलुपांच्या व्यवसायाने सुरुवात केलेल्या गोदरेज कंपनीने १९२३ पासून पोलादी कपाटे बनविण्यास आरंभ केला. पुढे ‘गोदरेजचे कपाट’ हा मराठी घरात लोखंडी कपाटाचा पर्यायी शब्दच झाला. दिवाणखान्यात काचेच्या दारांची शोकेस आली. फडताळ वस्तू झाकण्यासाठी होते, शोकेस त्या दाखविण्यासाठी होती. मुलांची बक्षिसे, बाहुल्या, चिनी मातीचे कप आणि पुढे दूरदर्शन संच यांना तिच्यात स्थान मिळाले.

साइडबोर्ड

साइडबोर्ड म्हणजे भिंतीलगत ठेवावयाचे ठेंगणे व लांबट कपाट. त्याला दारांचे कप्पे व खण असतात आणि वरचा सपाट भाग वस्तू मांडण्यासाठी वापरता येतो. युरोपात भोजनगृहात वाढपाच्या वस्तू ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये वास्तुविशारद रॉबर्ट ॲडम याच्या रचनांत वाढपाचे टेबल व त्याच्या दोन्ही बाजूंचे चौथरे अशी मांडणी दिसते. पुढे हे भाग एकत्र येऊन खण व कप्पे असलेले एकसंध साइडबोर्ड तयार झाले. जॉर्ज हेपलव्हाइट याच्या १७८८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या नमुनापुस्तकात अशा साइडबोर्डांचे आराखडे आहेत.

भारतीय घरात वेगळे भोजनगृह क्वचितच असते. त्यामुळे येथे साइडबोर्ड दिवाणखाना व जेवणाची जागा यांच्या सीमेवर ठेवले जाते आणि त्यात ताटे-वाट्या, चादरी, औषधे, कागदपत्रे, पूजेचे सामान असे मिश्र साहित्य असते. या अर्थाने ते इंग्रजी भोजनगृहापेक्षा माजघरातील फडताळाचे काम अधिक करते. फरक एवढाच की फडताळ भिंतीची जागा घेई आणि साइडबोर्ड माणसांच्या वावराची जागा घेते. म्हणून त्याची निवड मापाने करणे आवश्यक ठरते.

निवडीचे निकष

साठवणीचे साहित्य. कपाट पाहण्यापूर्वी त्यात ठेवावयाच्या वस्तूंची यादी करून सर्वांत मोठ्या वस्तूचे माप घ्यावे. जेवणाच्या मोठ्या ताटाचा व्यास ३० ते ३३ सेंमी असतो. ते आडवे ठेवावयाचे असेल, तर कप्प्याची आतली खोली किमान ३५ सेंमी हवी. कपाटाची बाहेरून मोजलेली खोली आणि आतून मिळणारी खोली यांत मागील फळी व दार यांच्या जाडीचा फरक पडतो. ए-४ आकाराचा कागद २१ गुणिले २९.७ सेंमी असतो, त्याची धारिका त्याहून मोठी असते. हंडा, कळशी व बरणी यांच्यासाठी एका कप्प्यातील मधली फळी काढता येणे सोयीचे असते.

जागा. साइडबोर्डाची उंची साधारणतः ७५ ते ९० सेंमी, खोली ४० ते ५० सेंमी आणि लांबी १२० ते १८० सेंमी असते. त्याच्यापुढे माणसाला चालण्यासाठी किमान ७५ सेंमी मोकळी जागा राहिली पाहिजे. दारे पूर्ण उघडली व खण पूर्ण ओढला, तरी वाट अडता कामा नये. जागा कमी असल्यास सरकती दारे उपयोगी पडतात, परंतु त्यांत एका वेळी निम्माच भाग उघडतो. जमिनीवर खडूने किंवा जुन्या वर्तमानपत्रांनी कपाटाच्या मापाची आकृती आखून दोन-तीन दिवस त्याभोवती वावरल्यास अडचण आधीच कळते. जिना, उद्वाहन व घराचे दार यांतून कपाट आत येईल काय, हेही मोजून पाहावे.

फळीची लांबी व जाडी. फळीचा बाक तिच्या लांबीवर व जाडीवर अवलंबून असतो. फळीवरचे एकूण वजन तेवढेच ठेवून दोन आधारांमधील अंतर दुप्पट केले, तर बाक सुमारे आठपट होतो. उलट जाडी दुप्पट केली, तर तो एक-अष्टमांश होतो. यामुळे १८ मिमी जाडीच्या प्लायवुडची फळी ७५ ते ९० सेंमींपेक्षा अधिक अंतरावर आधाराविना ठेवू नये. तांब्या-पितळेची भांडी किंवा पुस्तके ठेवावयाची असतील, तर हे अंतर आणखी कमी करावे. लांब साइडबोर्डाला मध्ये उभ्या फळ्या व तळाशी मधला पाय आहे काय, ते खाली वाकून पाहावे.

साहित्य. सागाच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल असल्याने ते ओल व वाळवी यांना चांगला प्रतिकार करते. खोडाच्या कडेच्या फिकट लाकडात हा गुण नसतो. म्हणून ‘सागवानी’ एवढेच पुरेसे नसून गाभ्याचे लाकूड किती आहे, हे पाहावे लागते. शिसवी लाकूड जड व टिकाऊ आहे. प्लायवुडसाठी भारतीय मानक ब्युरोची मानके आहेत. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या आणि आयएस ७१० हे मरीन म्हणजे दीर्घकाळ पाण्याशी संबंध येणाऱ्या प्लायवुडसाठी आहे. मानकाचा क्रमांक व चिन्ह फळीवर छापलेले असते. कपाट तयार झाल्यावर ते सनमायक्याखाली झाकले जाते, म्हणून सुताराकडून करून घेताना काम सुरू होण्यापूर्वीच ते पाहावे. पार्टिकल बोर्ड व एमडीएफ स्वस्त व गुळगुळीत असतात, परंतु कडेतून पाणी शिरल्यास फुगतात व पूर्ववत होत नाहीत. त्यांत स्क्रूही एकदा निघाला की पुन्हा घट्ट बसत नाही.

ओल व वाळवी. नाशिकमध्ये पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि इतर महिन्यांत हवा तुलनेने कोरडी असते. या बदलाबरोबर लाकूड फुगते व आक्रसते. पावसाळ्यात घट्ट होणारे दार लगेच रंध्याने तासून घेतल्यास उन्हाळ्यात तेथे फट पडते. कपाट व भिंत यांत दोन बोटे अंतर ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते. ओल येणाऱ्या भिंतीची दुरुस्ती केल्याखेरीज तिच्यालगत कपाट ठेवू नये. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर येते. पाय असलेल्या कपाटाखाली या नळ्या दिसतात, जमिनीला पूर्ण टेकलेल्या कपाटाखाली त्या दिसत नाहीत. झाडू आत जाईल इतके, म्हणजे सुमारे १५ सेंमी उंचीचे पाय यासाठी उपयुक्त असतात. कपड्यांत वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याची जुनी पद्धत आहे. डांबरगोळ्या खाद्यपदार्थांच्या कप्प्यात ठेवू नयेत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

सुरक्षितता. मुले खणांचा पायऱ्यांसारखा उपयोग करतात. एकाच वेळी अनेक खण ओढले गेल्यास कपाटाचा तोल पुढे जाऊन ते अंगावर पडू शकते. अशा अपघातांमुळे अमेरिकेत खणांच्या कपाटांच्या स्थिरतेविषयी २०२२ मध्ये कायदा करण्यात आला. जड वस्तू खालच्या कप्प्यात ठेवणे आणि कपाट पट्टीने भिंतीला जखडणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत. फडताळ भिंतीतच असल्याने त्याच्या बाबतीत हा धोका उद्भवत नसे.

महत्त्वाची कागदपत्रे. घराचे खरेदीखत, सातबारा उतारा, विमा व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे साइडबोर्डाच्या तळाच्या कप्प्यात ठेवणे टाळावे. नळ फुटणे, गच्चीची गळती किंवा पूर यांत सर्वांत आधी भिजतो तो तळाचा कप्पा. जुन्या घरांत ही कागदपत्रे माणसाच्या उंचीच्या फडताळात असत. ती सोय आज भिंतीवर टांगलेल्या लहान बंद कपाटाने साधता येते.

जतन व पुनर्वापर

वाडा पाडताना त्याच्या चौकटी, दारे व खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जातात. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरांतील दारे, पेट्या, दिवे व गृहोपयोगी वस्तू जतन केल्या आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी जमविलेला हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द करण्यात आला. परंतु फडताळ हे भिंतीचाच भाग असल्याने ते अखंड हलविता येत नाही. संग्रहालयात त्याच्या झडपा येऊ शकतात, तिच्यामागची पोकळी येत नाही. म्हणून वाडा पाडण्यापूर्वी फडताळांची छायाचित्रे, मापे, खोलीतील स्थान आणि त्यांत काय ठेवले जाई याची नोंद घरातील वडीलधाऱ्यांना विचारून करून ठेवणे आवश्यक ठरते.

जुन्या फडताळाच्या झडपा व चौकट वापरून नवे ठेंगणे कपाट करता येते. झडपांच्या मापावरून कपाटाची उंची व लांबी ठरवावी लागते, कारण झडपा कापल्यास कुसवांचे सांधे सैल होतात. जुन्या लाकडातील खिळे प्रथम काढून घ्यावेत आणि भुंग्याने पोखरलेला भाग आहे काय, हे ठोकून पाहावे. पोकळ आवाज येणारे लाकूड वजन पेलण्याच्या कामी घेऊ नये. जुना रंग खरवडताना त्याची धूळ श्वासावाटे आत जाणार नाही याची योग्य काळजी घ्यावी, कारण जुन्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते. अशा रीतीने केलेले कपाट आधुनिक घरात साइडबोर्डाचे काम करते, आणि त्याची कडी मात्र पूर्वीचीच राहते.